गोल्फमधील अन्यायकारक मानले जाणारे नियम

गोल्फमधील अन्यायकारक मानले जाणारे नियम म्हणजे गोल्फच्या अधिकृत नियमावलीतील असे नियम, की ज्यांमुळे खेळाडूला स्वतःची चूक नसताना अथवा चुकीच्या मानाने फार मोठा दंड सोसावा लागतो, असा आक्षेप वेळोवेळी घेतला गेला आहे. खराब जागी पडलेला चेंडू तसाच खेळण्याची सक्ती, हरवलेल्या चेंडूसाठी होणारा दुहेरी तोटा, चेंडू नकळत हलल्याबद्दलचा दंड, गुणपत्रकातील लेखनदोषाची शिक्षा आणि दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी कळवलेल्या चुकांवरून झालेली कारवाई हे या आक्षेपांचे प्रमुख विषय आहेत.

यांपैकी काही नियमांमुळे प्रमुख स्पर्धांचे निकाल बदलले आहेत. १९५२, १९८४, २०१९ व २०२३ या वर्षांच्या सुधारणांनी अनेक आक्षेपांचे निराकरण केले. काही नियम मात्र टीका होऊनही कायम राहिले आहेत.

पार्श्वभूमी

गोल्फचे मैदान साधारणतः १८ भागांचे असते. प्रत्येक भागाला 'होल' म्हणतात. आरंभीच्या जागेपासून (टी) चेंडू काठीने मारत नेऊन हिरवळीच्या गुळगुळीत पट्ट्यावरील (ग्रीन) खळग्यात पाडायचा असतो. टी व ग्रीन यांमधील कापलेल्या गवताच्या पट्ट्याला 'फेअरवे' आणि वाळूच्या खड्ड्याला 'बंकर' असे नाव आहे. फटक्यांवर आधारित स्पर्धेत सर्वांत कमी फटक्यांत मैदान पूर्ण करणारा खेळाडू विजयी ठरतो. नियमभंगाचा दंड फटक्यांतच मोजला जातो. सामान्यतः तो एक किंवा दोन फटक्यांचा असतो. गंभीर प्रसंगी खेळाडू अपात्र ठरतो.

या खेळाचे वैशिष्ट्य असे, की सर्वसाधारण स्पर्धेत प्रत्येक खेळाडूसोबत पंच नसतो. मैदान कित्येक एकरांवर पसरलेले असते आणि एकाच वेळी अनेक गट खेळत असतात. त्यामुळे स्वतःचा नियमभंग स्वतःच जाहीर करणे हे खेळाडूचे कर्तव्य मानले जाते. १९२५ च्या यूएस ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स यांनी इतर कोणाच्याही लक्षात न आलेली चेंडूची हालचाल स्वतः कळवून एका फटक्याचा दंड घेतला. पुढे विली मॅकफार्लेन यांच्याशी त्यांची बरोबरी झाली आणि ३६ होलच्या निर्णायक खेळात ते एका फटक्याने पराभूत झाले. यूएसजीए ही संस्था १९५५ पासून खिलाडूवृत्तीसाठी जो पुरस्कार देते, तो जोन्स यांच्याच नावाचा आहे.

नियमावलीचा उगम

गोल्फचे ज्ञात असलेले पहिले लिखित नियम १७४४ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथील खेळाडूंच्या मंडळाने एका स्पर्धेसाठी तयार केले. त्यांची संख्या १३ होती. चेंडू हरवल्यास आधीचा फटका जेथून मारला तेथे परत जावे, दुसरा चेंडू टाकावा आणि प्रतिस्पर्ध्याला एका फटक्याचा लाभ द्यावा, अशी तरतूद त्यांत होती. त्या नियमात चेंडू हरवण्याला खेळाडूचा दोष न म्हणता दुर्दैव म्हटले आहे. दुर्दैवाची भरपाई नियमाने करावी की नाही, हा प्रश्न त्यामुळे नियमावलीइतकाच जुना ठरतो.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथील रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लब या संस्थेने १८९७ मध्ये नियम समिती नेमली आणि १८९९ मध्ये एकत्रित नियमावली प्रसिद्ध केली. अमेरिकेत १८९४ मध्ये युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन (यूएसजीए) स्थापन झाली होती. या दोन्ही संस्थांनी १९५२ पासून समान नियम लागू केले. सेंट अँड्रूजच्या संस्थेची नियमविषयक जबाबदारी २००४ मध्ये 'द आर अँड ए' या स्वतंत्र संस्थेकडे गेली. आज अमेरिका व मेक्सिको वगळता जगातील इतर देशांसाठी ही संस्था नियमन करते.

अमेरिकी प्रशासक रिचर्ड टफ्ट्स यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नियमांमागील तत्त्वांची मांडणी केली. चेंडू जसा पडला असेल तसा व मैदान जसे असेल तसे खेळावे, हे त्यांतील मूलभूत तत्त्व होय. सारख्या परिस्थितीला सारखाच नियम लावावा, हे तत्त्वही त्यांनी मांडले. अन्यायाच्या बहुतेक तक्रारी या दोन तत्त्वांच्या कठोर अंमलबजावणीतून उद्भवतात. पहिले तत्त्व दैवाला वाव देते. दुसरे तत्त्व पाळायचे, तर हेतू, अज्ञान किंवा झालेला लाभ यांचा प्रत्येक वेळी स्वतंत्र विचार करता येत नाही.

दैवाशी संबंधित आक्षेप

डिव्हटमधील चेंडू

काठीच्या फटक्याने गवताची खपली उडून जो खड्डा पडतो त्याला 'डिव्हट' म्हणतात. अचूक फटका मारून फेअरवेवर आणलेला चेंडू आधीच्या एखाद्या खेळाडूच्या डिव्हटमध्ये जाऊन थांबल्यास तो तसाच खेळावा लागतो. वादग्रस्त नियमांच्या चर्चेत या नियमाचा उल्लेख बहुधा सर्वप्रथम येतो. चांगल्या फटक्याला शिक्षा मिळते आणि ती दुसऱ्याने केलेल्या नुकसानीमुळे मिळते, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. सिमेंटचा रस्ता, पाण्याच्या फवाऱ्याचे तोंड किंवा दुरुस्तीसाठी आखलेली जमीन यांपासून नियमावली विनादंड सुटका देते. डिव्हटपासून मात्र देत नाही. ही विसंगतीही दाखवून दिली जाते.

१९९८ च्या यूएस ओपनमध्ये अखेरच्या फेरीच्या आरंभी पेन स्टुअर्ट चार फटक्यांनी आघाडीवर होते. १२ व्या होलवर त्यांचा चेंडू फेअरवेवरील वाळू भरलेल्या डिव्हटमध्ये थांबला आणि तेथे त्यांचा एक फटका वाया गेला. शेवटी ली जॅन्झन यांनी एका फटक्याने ती स्पर्धा जिंकली. स्टुअर्ट यांनी पुढच्या वर्षी हेच विजेतेपद मिळवले.

नियमकर्त्यांचे उत्तर व्याख्येच्या अडचणीवर आधारलेले आहे. ताजा डिव्हट ओळखणे सोपे असते. परंतु वाळू भरलेला, अर्धवट गवत उगवलेला किंवा जवळजवळ भरून आलेला खड्डा डिव्हट आहे की मैदानाचा नैसर्गिक उंचसखलपणा, हे खेळाडूने एकट्याने कसे ठरवावे, हा प्रश्न उरतो. अशी सवलत दिल्यास प्रत्येक फेरीत वाद होतील आणि चेंडू वारंवार उचलला जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे.

फटका व अंतर यांचा दुहेरी तोटा

चेंडू हरवल्यास किंवा मैदानाच्या सीमेबाहेर गेल्यास खेळाडूला मागील जागी परत जावे लागते आणि शिवाय एका फटक्याचा दंड होतो. टीवरून मारलेला पहिला फटका सीमेबाहेर गेला, तर तेथूनच मारलेला पुढचा फटका तिसरा मोजला जातो. पाण्यात गेलेल्या चेंडूसाठी, जेथून तो पाण्यात शिरला त्या सुमाराला नवा चेंडू टाकता येतो. तेथे एकाच फटक्याचा दंड असून अंतराचा तोटा बराच कमी होतो. सीमेच्या खुंटापलीकडे बोटभर गेलेल्या चेंडूला मात्र अशी सवलत नाही. सर्वांना दिसलेला चेंडू पानांच्या ढिगाऱ्यात सापडला नाही, तरी दंड तोच राहतो.

सामान्य खेळाडूंसाठी या नियमाची व्यावहारिक अडचणही आहे. मागे गट थांबलेले असताना दोनशे मीटर मागे जाणे शक्य होत नाही. म्हणून २०१९ मध्ये एक ऐच्छिक स्थानिक नियम उपलब्ध करून देण्यात आला. त्यानुसार दोन फटक्यांचा दंड घेऊन चेंडू जेथे हरवला त्या परिसरातच नवा चेंडू टाकता येतो. हा नियम उच्च दर्जाच्या स्पर्धांसाठी नाही. त्याच वर्षी चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली. खेळ वेगवान झाला, तरी शोधण्याची संधी कमी झाली, अशी तक्रार त्यावर झाली.

स्टायमी

दोन खेळाडूंच्या समोरासमोरच्या सामन्यात एकाचा चेंडू दुसऱ्याच्या चेंडूच्या व खळग्याच्या मध्ये आल्यास त्या स्थितीला 'स्टायमी' म्हणत. दोन्ही चेंडूंमध्ये सहा इंचांहून अधिक अंतर असेल, तर आडवा आलेला चेंडू उचलता येत नसे. खेळाडूला आपला चेंडू वळवून अथवा उडवून न्यावा लागे. १९३० च्या ब्रिटिश ॲमॅच्युअर स्पर्धेत बॉबी जोन्स यांनी सिरिल टॉली यांच्याविरुद्धचा सामना १९ व्या होलवर स्टायमीच्या साहाय्याने जिंकला. त्या वर्षी त्यांनी त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. स्टायमी हे कौशल्य आहे असे समर्थक म्हणत, तर प्रतिस्पर्ध्याच्या चुकलेल्या फटक्याचा फटका आपल्याला का बसावा, असे विरोधक विचारत. १९५२ च्या समान नियमावलीत स्टायमी रद्द झाली.

नकळत घडलेल्या कृतींबद्दलचा दंड

१९८५ ची यूएस ओपन

अनवधानाने होणाऱ्या दंडांची दोन उदाहरणे १९८५ च्या यूएस ओपनमध्ये एकत्र आढळतात. तैवानचे टी. सी. चेन अखेरच्या फेरीत चार फटक्यांनी आघाडीवर असताना पाचव्या होलवर त्यांच्या एकाच फटक्यात काठी चेंडूला दोनदा लागली. तत्कालीन नियमानुसार एका फटक्याचा दंड झाला आणि त्या होलवर त्यांना आठ फटके लागले. त्याच स्पर्धेच्या पहिल्या फेरीत डेनिस वॉटसन यांचा चेंडू खळग्याच्या काठावर थांबला होता. नियम दहा सेकंद वाट पाहण्याची मुभा देत होता. वॉटसन त्याहून अधिक वेळ थांबले, चेंडू खळग्यात पडला आणि त्यांना दोन फटक्यांचा दंड झाला. अँडी नॉर्थ विजयी झाले. चेन व वॉटसन दोघेही एका फटक्याने मागे राहिले.

दुहेरी स्पर्शाचा दंड २०१९ मध्ये रद्द झाला. तसा स्पर्श मुद्दाम करता येत नाही आणि त्यातून लाभही क्वचितच होतो, हे त्यामागील कारण होते. दहा सेकंदांची मर्यादा अजून आहे. मुदतीनंतर पडलेल्या चेंडूसाठी आता एक फटका वाढवला जातो.

हललेला चेंडू

खेळाडू फटक्याच्या पवित्र्यात उभा राहिल्यानंतर चेंडू हलल्यास तो त्यानेच हलवला, असे जुना नियम गृहीत धरत असे. वाऱ्याने हललेल्या चेंडूचा दंडही त्यामुळे खेळाडूला होत असे. २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील स्पर्धेत वेब सिम्पसन यांना अशाच हालचालीबद्दल एका फटक्याचा दंड झाला. नंतर बुब्बा वॉटसन यांच्याशी बरोबरी होऊन निर्णायक खेळात ते हरले. हालचालीला खेळाडू कारणीभूत नाही हे जवळजवळ निश्चित असल्यास दंड करू नये, अशी तरतूद २०१२ मध्ये झाली.

२०१६ च्या यूएस ओपनमध्ये अखेरच्या फेरीत पाचव्या ग्रीनवर डस्टिन जॉन्सन यांचा चेंडू किंचित हलला. सोबतच्या पंचाने तेथे दंड केला नाही. मात्र १२ व्या होलवर अधिकाऱ्यांनी त्यांना सांगितले, की या प्रसंगाचा फेरविचार फेरी संपल्यावर होईल. आपली गुणसंख्या नेमकी किती आहे हे जॉन्सन यांना वा त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उर्वरित होलवर ठाऊक नव्हते. शेवटी एका फटक्याचा दंड होऊनही जॉन्सन तीन फटक्यांनी जिंकले. या अनिश्चिततेबद्दल यूएसजीएने खेद व्यक्त केला. जानेवारी २०१७ पासून स्थानिक नियमाद्वारे आणि २०१९ पासून मूळ नियमावलीत, ग्रीनवर अपघाताने हललेल्या चेंडूबद्दलचा दंड रद्द करण्यात आला.

सुटा बोरू

२०१० मध्ये अमेरिकेतील हिल्टन हेड येथील स्पर्धेत इंग्लंडचे ब्रायन डेव्हिस आणि जिम फ्युरिक यांच्यात निर्णायक होल खेळला गेला. पाण्याकडेच्या अडथळा क्षेत्रातून फटका मारण्यासाठी काठी मागे नेताना ती एका सुट्या बोरूला लागल्याचे डेव्हिस यांना जाणवले. त्यांनी स्वतः अधिकाऱ्याला कळवले आणि दोन फटक्यांचा दंड होऊन फ्युरिक विजयी झाले. पहिलेच मोठे अमेरिकी विजेतेपद त्यांच्या हातून निसटले. डेव्हिस यांच्या प्रामाणिकपणाची सर्वत्र प्रशंसा झाली, परंतु नियमाच्या उपयुक्ततेविषयीही प्रश्न विचारले गेले. २०१९ पासून अशा क्षेत्रात सुट्या नैसर्गिक वस्तूला स्पर्श झाल्यास दंड होत नाही.

बंकर व स्थानिक नियम

बंकरमध्ये चेंडूच्या लगत वाळूला काठी टेकवण्यास मनाई आहे. वाळूची घट्टता अजमावून लाभ घेतला जाऊ नये, हा त्याचा उद्देश आहे. २०१० च्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत शेवटच्या होलवर एका फटक्याने आघाडीवर असलेल्या डस्टिन जॉन्सन यांनी फटक्यापूर्वी काठी जमिनीला टेकवली. विस्कॉन्सिन राज्यातील व्हिसलिंग स्ट्रेट्स या मैदानावर असंख्य लहानमोठे वाळूचे खड्डे आहेत. सर्व खड्डे बंकरच समजावेत, मग त्यांतून प्रेक्षक चालत गेले असले तरीही, असा स्थानिक नियम खेळाडूंना आधीच देण्यात आला होता. तुडवलेली ती जागा बंकर असल्याचे जॉन्सन यांच्या लक्षात आले नाही. दोन फटक्यांच्या दंडामुळे ते मार्टिन कायमर व बुब्बा वॉटसन यांच्यातील निर्णायक खेळातून बाहेर राहिले. कायमर विजेते झाले.

या प्रसंगाबाबत मतभेद आहेत. प्रेक्षक उभे असलेली जागा बंकर मानणे तर्काला धरून नाही, असे एक मत आहे. नियम आगाऊ कळवलेला आणि सर्वांना समान होता, म्हणून तो वाचण्याची जबाबदारी खेळाडूचीच, असे दुसरे मत आहे. आजच्या नियमांनुसारही या कृतीला दंड झाला असता.

गुणपत्रकाचा नियम

फटक्यांवर आधारित स्पर्धेत खेळाडूचे गुण सोबतचा स्पर्धक लिहितो आणि शेवटी खेळाडू ते तपासून स्वाक्षरी करतो. एखाद्या होलची नोंद प्रत्यक्षापेक्षा जास्त असेल, तर जास्तीचाच आकडा ग्राह्य धरला जातो. नोंद कमी असेल, तर खेळाडू अपात्र ठरतो. बेरजेची जबाबदारी स्पर्धा समितीची असते, तर प्रत्येक होलच्या नोंदीची जबाबदारी खेळाडूची.

१९५७ च्या यूएस महिला ओपनमध्ये हवाईच्या जॅकी पंग यांनी २९८ फटक्यांत सर्वांत चांगली कामगिरी केली होती. त्यांच्या पत्रकावरील अखेरच्या फेरीची बेरीज बरोबर होती. मात्र चौथ्या होलवर सहाऐवजी पाच अशी नोंद होती. त्या अपात्र ठरल्या आणि २९९ फटके घेणाऱ्या बेट्सी रॉल्स विजेत्या झाल्या. स्पर्धा भरवणाऱ्या विंग्ड फूट क्लबच्या सभासदांनी पंग यांच्यासाठी वर्गणी जमवली. ती रक्कम पहिल्या पारितोषिकाहून अधिक भरली.

१९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचे रोबेर्तो दे व्हिसेन्झो यांनी आपल्या ४५ व्या वाढदिवशी अखेरची फेरी ६५ फटक्यांत पूर्ण केली. १७ व्या होलवर त्यांनी घेतलेले तीन फटके मैदानावरील प्रेक्षकांनी आणि दूरचित्रवाणीवर असंख्य लोकांनी पाहिले होते. सोबतचे खेळाडू टॉमी ॲरन यांनी अनवधानाने चार लिहिले आणि दे व्हिसेन्झो यांनी त्याच पत्रकावर स्वाक्षरी केली. नियमानुसार ६६ हीच संख्या कायम झाली. बॉब गोल्बी यांच्याशी होणारी बरोबरी एका फटक्याच्या पराभवात बदलली. दे व्हिसेन्झो यांनी निकाल तक्रार न करता स्वीकारला. गोल्बी यांनाही आपला विजय निर्विवाद न राहिल्याचे शल्य सोसावे लागले.

हा नियम अजून अस्तित्वात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिसजवळील रिव्हिएरा मैदानावरील स्पर्धेत जॉर्डन स्पीथ यांनी एका होलवर चारऐवजी तीन अशी नोंद असलेल्या पत्रकावर स्वाक्षरी केली आणि ते अपात्र ठरले. प्रत्येक फटक्याची संगणकीय नोंद ठेवणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांत या नियमाची गरज उरली आहे का, असा प्रश्न टीकाकार विचारतात. जगातील बहुसंख्य स्पर्धांत अशी यंत्रणा नसते आणि तेथे स्वाक्षरी हाच एकमेव पुरावा असतो, असे समर्थकांचे उत्तर आहे.

दूरचित्रवाणी व प्रेक्षकांच्या तक्रारी

दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे घरबसल्या प्रेक्षक स्पर्धाधिकाऱ्यांना नियमभंग कळवू लागले. १९८७ मध्ये सॅन दिएगो येथील स्पर्धेत क्रेग स्टॅडलर यांनी झाडाखालचा चेंडू गुडघ्यांवर बसून खेळताना पँट ओली होऊ नये म्हणून खाली टॉवेल अंथरला. दुसऱ्या दिवशी ते दृश्य पुन्हा दाखवले गेले. प्रेक्षकांच्या दूरध्वनींवरून, उभे राहण्याची जागा कृत्रिमरीत्या तयार केल्याचा नियमभंग निश्चित झाला. दोन फटक्यांचा दंड न नोंदवता पत्रकावर स्वाक्षरी झाली असल्याने स्टॅडलर अपात्र ठरले. ते दुसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीत होते. पुढे १९९५ मध्ये ते झाड रोगट झाल्यामुळे तोडायचे ठरले, तेव्हा ते तोडण्यासाठी स्टॅडलर यांनाच बोलावण्यात आले.

जानेवारी २०११ मध्ये अबुधाबी येथे पॅड्रिग हॅरिंग्टन यांच्या हाताचा स्पर्श होऊन चेंडू किंचित पुढे सरकला. तो मूळ जागी परत आला, असे त्यांना वाटले. एका प्रेक्षकाच्या ईमेलनंतर चित्रफीत तपासून त्यांना अपात्र ठरवण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, खेळाडूला वाजवीपणे समजू न शकणारी वस्तुस्थिती केवळ चित्रीकरणातून उघड झाल्यास अपात्रता माफ करण्याचा अधिकार समित्यांना मिळाला. २०१६ पासून अशा नकळत राहिलेल्या दंडासाठी अपात्रतेऐवजी दोन अतिरिक्त फटक्यांची तरतूद झाली.

२०१६ च्या यूएस महिला ओपनच्या निर्णायक खेळात ॲना नॉर्डक्विस्ट यांच्या काठीने बंकरमधील वाळूचे मोजके कण हलवले. ते केवळ जवळून घेतलेल्या चित्रीकरणात दिसत होते. दोन फटक्यांच्या दंडाची सूचना त्यांना पुढच्या होलवर तिसरा फटका मारल्यानंतर मिळाली. प्रतिस्पर्धी ब्रिटनी लँग यांना मात्र ती त्यांच्या तिसऱ्या फटक्यापूर्वीच समजली. त्यामुळे सूचनेच्या वेळेबाबतही टीका झाली. लँग विजयी झाल्या.

सर्वाधिक वाद एप्रिल २०१७ मधील एएनए इन्स्पिरेशन या प्रमुख महिला स्पर्धेने निर्माण केला. लेक्सी थॉम्पसन अखेरच्या फेरीत आघाडीवर असताना त्यांना चार फटक्यांचा दंड झाल्याचे सांगण्यात आले. आदल्या दिवशी १७ व्या ग्रीनवर उचललेला चेंडू त्यांनी मूळ जागेपासून सुमारे इंचभर अंतरावर ठेवला होता आणि एका प्रेक्षकाने ते ईमेलने कळवले होते. चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल दोन आणि त्यामुळे चुकीच्या ठरलेल्या पत्रकाबद्दल दोन, अशी ही बेरीज होती. एक वर्ष आधीच्या सवलतीमुळेच त्या अपात्रतेतून वाचल्या होत्या. थॉम्पसन यांनी बरोबरी साधली, पण निर्णायक खेळात दक्षिण कोरियाच्या रयू सो-यॉन जिंकल्या.

त्याच महिन्यात, उघड्या डोळ्यांना न दिसणारा नियमभंग दंडनीय धरू नये आणि जागा ठरवताना खेळाडूने केलेला वाजवी अंदाज मान्य करावा, असा निर्णय जाहीर झाला. जानेवारी २०१८ पासून प्रमुख व्यावसायिक संघटनांनी प्रेक्षकांच्या तक्रारी स्वीकारणे बंद केले. माहीत नसलेला दंड पत्रकात न लिहिल्याबद्दलचे दोन अतिरिक्त फटकेही रद्द झाले. अधिकाऱ्यांकडून होणारी चित्रफितींची तपासणी मात्र चालू आहे. जुलै २०२५ मधील ओपन स्पर्धेत शेन लॉरी यांना सरावाच्या हालचालीत चेंडू हलल्याबद्दल दोन फटक्यांचा दंड झाला, तेव्हा उघड्या डोळ्यांच्या कसोटीची पुन्हा चर्चा झाली.

या प्रसंगांतून समानतेचा प्रश्नही उपस्थित झाला. आघाडीच्या खेळाडूंवर कॅमेरे सतत रोखलेले असतात, तर मागील खेळाडूंचे फटके प्रक्षेपित होत नाहीत. नियम एकच असला, तरी तपासणी सर्वांची सारखी होत नाही.

२०१९ नंतरचे वाद

२०१९ मध्ये नियमांची संख्या ३४ वरून २४ करण्यात आली आणि भाषा सोपी झाली. मात्र काही नव्या नियमांवरही टीका झाली. कॅडीने, म्हणजे खेळाडूच्या साहाय्यकाने, खेळाडू फटक्यासाठी उभा राहू लागल्यावर त्याच्या मागे रेषेत थांबू नये, असा नियम करण्यात आला. जानेवारी २०१९ मध्ये दुबईत चीनचे ली हाओटाँग यांना या कारणाने अखेरच्या होलवर दोन फटक्यांचा दंड झाला आणि ते तिसऱ्या स्थानाच्या बरोबरीतून बाराव्या स्थानाच्या बरोबरीत गेले. कॅडी दिशा दाखवत होता असे कोणी म्हटले नव्हते. पुढच्याच महिन्यात नियमाचे स्पष्टीकरण देऊन, फटक्यापूर्वी मागे हटून पुन्हा उभे राहण्याची मुभा देण्यात आली.

नव्या नियमावलीनुसार चेंडू खांद्याऐवजी गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये मेक्सिकोतील स्पर्धेत रिकी फाउलर यांनी सवयीने खांद्याच्या उंचीवरून चेंडू टाकला व त्यांना एका फटक्याचा दंड झाला. १९८४ पासून २०१८ पर्यंत हीच पद्धत सक्तीची होती. त्याच महिन्याच्या आरंभी फिनिक्स येथे फाउलर यांनी दंड घेऊन ठेवलेला चेंडू, ते ग्रीन पाहण्यास गेले असता, आपोआप घरंगळून पाण्यात गेला आणि आणखी एक दंड झाला. ती स्पर्धा तरीही त्यांनीच जिंकली. टाकून किंवा ठेवून स्थिर झालेला चेंडू नैसर्गिक कारणाने दंडक्षेत्रात अथवा मैदानाच्या अन्य क्षेत्रात गेल्यास तो विनादंड परत ठेवावा, असा बदल २०२३ मध्ये झाला.

नियमांचे समर्थन

कठोर नियमांच्या समर्थनार्थ सामान्यतः पुढील मुद्दे मांडले जातात.

पंचाविना खेळल्या जाणाऱ्या खेळात नियम असा हवा, की तो खेळाडू स्वतःला लावू शकेल. हेतू व लाभ यांचे मोजमाप करू लागल्यास निर्णय खेळाडूगणिक बदलेल.

दैव दोन्ही बाजूंनी चालते. झाडाला आपटून फेअरवेवर परत आलेला चेंडू कोणी मागे नेऊन ठेवत नाही, मग डिव्हटमधील चेंडूसाठी सवलत मागणे एकांगी ठरते.

अनवधान क्षम्य मानल्यास जाणूनबुजून केलेला नियमभंगही अनवधानाच्या नावाखाली लपवता येईल.

सुधारणावादी यावर असे सांगतात, की १९५२ पासून रद्द झालेले नियम त्यांच्या काळी खेळाचे आधारस्तंभ मानले जात होते आणि ते गेल्याने खेळाची प्रतिष्ठा कमी झालेली नाही. प्रत्यक्षात झालेल्या बदलांचा कलही लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रीनवर हललेला चेंडू, दुहेरी स्पर्श किंवा सुटा बोरू यांसारख्या बाबतींत सवलत देणे सोपे होते, कारण तेथे वादाला फारशी जागा नव्हती. डिव्हटबाबत खेळाडूच्या अंदाजावर विसंबावे लागले असते, म्हणून तेथे जुना नियम टिकला. गुणपत्रकाच्या बाबतीत तर नकळत राहिलेल्या दंडाला क्षमा मिळाली, परंतु चुकीच्या आकड्याला मिळाली नाही.

प्रमुख बदलांचा कालक्रम

१९५२ – समान नियमावली लागू, स्टायमी रद्द.
१९८४ – चेंडू हात लांब करून खांद्याच्या उंचीवरून टाकण्याची पद्धत.
२०११ – चित्रीकरणातून उघड झालेल्या चुकांबाबत अपात्रता माफ करण्याची मुभा.
२०१२ – खेळाडू कारणीभूत नसताना हललेल्या चेंडूबद्दल दंड नाही.
२०१६ – माहीत नसलेला दंड पत्रकात न लिहिल्यास अपात्रतेऐवजी दोन फटके.
२०१७ – ग्रीनवर अपघाताने हललेल्या चेंडूला स्थानिक नियमाने सवलत. उघड्या डोळ्यांची कसोटी.
२०१८ – प्रेक्षकांच्या तक्रारींची दखल घेणे बंद. दोन अतिरिक्त फटके रद्द.
२०१९ – नियमावलीची पुनर्रचना. दुहेरी स्पर्शाचा दंड रद्द. ग्रीनवरील बुटांच्या खुणा दुरुस्त करण्यास परवानगी.
२०२३ – स्थिर झाल्यावर नैसर्गिक कारणाने घरंगळलेल्या चेंडूबाबत सवलत. अपंग खेळाडूंसाठीच्या तरतुदी मूळ नियमावलीत समाविष्ट.

भारतातील स्थिती

ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुनी गोल्फ संस्था कोलकात्यात १८२९ मध्ये स्थापन झाली. मुंबईत १८४२ मध्ये रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब ही संस्था सुरू झाली. भारतीय गोल्फ संघाची स्थापना १९५५ ची असून देशातील स्पर्धा आर अँड एच्या नियमावलीनुसारच खेळल्या जातात. त्यामुळे वर वर्णिलेले सर्व नियम व बदल भारतातही लागू आहेत.

मैदान ओले किंवा खराब असताना फेअरवेवरील चेंडू उचलून, पुसून, ठरावीक अंतराच्या आत ठेवण्याची परवानगी देणारा स्थानिक नियम समितीला लागू करता येतो. दीर्घ पावसाळा असलेल्या महाराष्ट्रासारख्या प्रदेशात ही तरतूद विशेष उपयोगी आहे. तो नियम लागू असेपर्यंत फेअरवेवरील डिव्हटमधून चेंडू हलवता येतो. मैदान सुकल्यावर समितीने तो मागे घेतला, की चेंडू पुन्हा पडेल तसाच खेळावा लागतो.